उघडता येईल अशी कात्री

धाकटीचं वय त्रेचाळीस. पण मोठा भाऊ समोर खणखणीत उभा असला की धाकटी ही धाकटीच राहते, त्याला इलाज नाही. कात्र्यांच्या गल्लीत सगळेच तिला धाकटी म्हणायचे. दादाचं ऐकून एकदा दादाच्या नातीनेही म्हणून पाहिलं, तेव्हा मात्र तिने असे डोळे वटारले की पोर आजही तिला आत्येआजी म्हणते.

गल्लीत एके काळी बावीस कारखाने होते. सगळे शिंप्यांच्या मोठ्या कात्र्या बनवणारे, सगळे हातकामाचे. आता पाच उरले होते. तीन वर्षांपूर्वी सरकारने परदेशी कात्र्यांवरचा आयातकर उठवला आणि निळ्या मुठीच्या कात्र्या जहाजं भरभरून बंदरात उतरल्या. कंपनी केवढी, तर अकरा देशांत तिचे कारखाने. एकीकडे पोलाद ओततात, दुसरीकडे पाती कापतात, तिसरीकडे मुठी लावतात, आणि एवढं फिरून आलेली कात्री गल्लीतल्या कात्रीच्या तिसऱ्या हिश्श्याला मिळते. गिऱ्हाईक तरी काय करणार?

दादा हात बांधून बसणाऱ्यांतला नव्हता. तो कात्री उत्पादक संघाचा चिटणीस. त्याने कर पुन्हा लावावा म्हणून सरकारकडे अर्ज केला, अर्जामागे इतक्या चकरा मारल्या की अखेर सरकारने चौकशी समिती नेमली. दुसरं म्हणजे त्याने संघात ठराव करून घेतला की कोणाही सभासदाने निळ्या मुठीची कात्री दुरुस्तीला घ्यायची नाही. पाची कारखान्यांच्या दारांवर पाट्या लागल्या. दादाने आपली पाटी लाल रंगात स्वतः रंगवली, ‘परदेशी कात्र्या घेतल्या जाणार नाहीत’. अक्षर त्याचं पहिल्यापासून सुंदर.

आणि तिसरी गोष्ट त्याने केली ती कोणालाच आवडली नव्हती, त्याला स्वतःलाही नाही. बंदराचा रस्ता गल्लीला लागून जातो, म्हणून त्याच कंपनीला गोदामासाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी होती. कागद तयार होऊन कपाटात पडले होते. दादाने घरात सांगून टाकलं होतं की समितीने कर लावला तर कारखाना चालवू, नाही लावला तर महिनाअखेर सही करू आणि मोकळे होऊ.

धाकटीला मोकळं व्हायचं नव्हतं. खिडकीखालचा लाकडी कट्टा तिचा होता. चौदाव्या वर्षी वडिलांनी तिला तिथे बसवलं ते बसवलंच. त्या कट्ट्याचा एक पाय डुगडुगायचा, आणि तो कधी डुगडुगतो हे अंगात इतकं भिनलेलं की हातोडी मारताना ती न बघता गुडघा लावायची. ती करायची ते काम म्हणजे बसवणी. लोकांना वाटतं कात्रीत सगळी करामत धारेची. धार कोणीही लावील. दोन पाती एकमेकींना सगळीकडे टेकली की कात्री कापड नुसतं चावते. बंद कात्री उजेडाकडे धरली की मधून उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे, आणि कापताना पाती जिथे कापताहेत तेवढ्याच जागी भेटली पाहिजेत. तेवढा बाक पात्याला हातोडीने द्यायचा, तोही अंदाजाने. मग एक मूठ धरून दुसरी सोडायची. धाडकन पडली तर स्क्रू ढिला, अडकून बसली तर घट्ट. हळूहळू उतरली आणि मिटायला बोटभर उरलं असताना थांबली तर बसली.

बसली की बसवणाऱ्याने आपली खूण ठोकायची, तीही स्क्रूच्या खाली, पात्याच्या आतल्या अंगाला. बाहेरून काही दिसत नाही. वडील म्हणायचे, ज्याला बघायची असेल तो उघडेल. कारखान्याच्या नव्या कात्र्यांवर दादाची खूण असायची, एक आडवी रेघ. धाकटीची खूण तीन ठिपके, आणि ती फक्त दुरुस्तीच्या कात्र्यांच्या पोटात.

आता मागच्या दाराची गोष्ट. शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई होती, सात मशिनींची मालकीण, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. वर्षापूर्वी ती निळी कात्री घेऊन आली. तीन महिन्यांत खुळखुळा झाली होती. कात्रीला स्क्रू नाही, रिव्हेट ठोकलेलं, वर कंपनीच्या चिन्हाची निळी टिकली चिकटवलेली. ढिली झाली की घट्ट करता येत नाही, टाकायची आणि नवी घ्यायची. गणवेशवालीला टाकणं हा शब्दच मंजूर नव्हता. तिने पाटी वाचली, नाक मुरडलं आणि वळसा घालून कारखान्याला लागूनच असलेल्या घराच्या मागच्या दाराशी आली. तिथे वहिनी भांडी पालथी घालत होती. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पाटी तर पुढच्या दाराला आहे, मागच्या दाराला कुठे आहे? आणि कात्री आत घेतली.

दादा रोज दुपारी तीन ते पाच संघाच्या कचेरीत बसायचा. त्या दोन तासांत धाकटीने रिव्हेट पोखरून काढलं, तिथे आपला स्क्रू बसवला, पात्यांना बाक दिला, आणि हात सवयीने खूण ठोकायच्या पंचाकडे गेला तशी आत तीन ठिपकेही ठोकले. मग तिला दादाची पाटी आठवली. संघाच्या चिटणिसाच्या घरात ठराव मोडला हे कोणाला कळलं तर दादाला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. म्हणून तिने ती निळी टिकली पुसून, डिंक लावून, स्क्रूवर होती तशी चिकटवली. इतकी बेमालूम की तिचं तिलाच कौतुक वाटलं. गणवेशवालीला शपथ घातली की कोणी विचारलं तर दुरुस्तीचं नाव काढायचं नाही.

गणवेशवालीने ते गुपित फक्त आपल्या ओळखीच्या शिंप्यांना सांगितलं, म्हणजे साऱ्या शहराला. वर्षभरात मागच्या दाराने दोनशे अकरा निळ्या कात्र्या आल्या आणि गेल्या. वहिनी पिशव्या घ्यायची, धाकटी बसवायची. आणि बसवता बसवता तिला एक गोष्ट कळली, जी गल्लीत कोणापुढे बोलायची सोय नव्हती. त्या कंपनीचं पोलाद उत्तम होतं. गल्लीतल्या पोलादापेक्षा सरसच. फक्त त्या अकरा देशांत कोणाला बसवणी येत नव्हती, किंवा येत असेल तर तेवढा वेळ कोणी देत नव्हतं. त्यांचं पोलाद आणि तिची बसवणी एकत्र आली की जी कात्री व्हायची तशी ना कंपनीकडे होती ना दादाकडे.

एकदा जेवताना तिने हळूच विषय काढला की पोलाद काही वाईट नाही त्यांचं. दादाचा घास हातातच राहिला. तुला काय माहीत, म्हणाला. वहिनीने त्याच्या ताटात नको असताना वाढलं. धाकटीने मग दुसरी बाजू धरली, की आपलंही पोलाद जहाजानेच येतं, त्यावर उद्या कोणी कर मागितला तर? दादा म्हणाला, ते वेगळं. कसं वेगळं ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही ताणलं नाही.

समिती आली त्या दिवशी सरकारी कचेरीचं सभागृह भरून गेलं होतं. वर टेबलामागे तीन माणसं, मधोमध अध्यक्षबाई. बाई वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि कोणी लांबण लावली की पेन्सिल टेबलावर आपटायची सवय. एका बाजूला संघाचे पाच कारखानदार, त्यांच्यामागे धाकटी आणि वहिनी. दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस, कोट चापून बसलेला, बोलणं लोण्यासारखं.

सगळ्यांत आधी दादा बोलला आणि झकास बोलला. बावीस कारखान्यांचे पाच कसे झाले ते त्याने सांगितलं, पण रडगाणं गायलं नाही. म्हणाला, आम्ही दया मागत नाही. चांगला माल आणून आम्हाला हरवलं असतं तर आम्ही टोपी काढली असती. पण या कात्र्या तीन महिन्यांत खुळखुळ्या होतात, लोक फेकतात, नव्या घेतात, आणि तोवर बसवणी जाणणारे हात गल्लीतून निघून जातात. ते हात परत आणता येणार नाहीत. धाकटीला आपल्या भावाचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मग तो नको तेवढा पुढे गेला. दादाचं हे नेहमीचंच. जिंकत आला की त्याला राहवत नाही. “वर्षभर टिकलेली एक निळी कात्री मला दाखवा,” तो म्हणाला. “एकच. मी माझा अर्ज इथल्या इथे मागे घेतो.”

कंपनीचा माणूस उठला, हसला, आणि मागे वळून त्याने हात केला. मागच्या रांगेतून गणवेशवाली उठली. कंपनीची माणसं आठवडाभर शिंप्यांकडे फिरत होती हे धाकटीच्या कानावर आलं होतं, पण त्यांची नजर नेमकी हिच्यावर पडेल असं स्वप्नातही नव्हतं.

कंपनीच्या माणसाने विचारलं, ही कात्री किती दिवस वापरता? गणवेशवाली म्हणाली, सव्वा वर्ष. रोज वापरता? रोज. काही तक्रार? गणवेशवालीने एकदा धाकटीकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं, आणि म्हणाली की तक्रार काही नाही. शपथ घातलेली बाई दुसरं काय बोलणार? मग त्याने जाड गणवेशाचं कापड आठपदरी घडी करून टेबलावर ठेवलं. गणवेशवालीने कात्री चालवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, कुठे अडकणं नाही, सुटणं नाही, कड सरळ आखल्यासारखी. तो आवाज धाकटीने ओळखला. स्वतःच्या कामाचा आवाज माणूस हजारात ओळखतो.

अध्यक्षबाईंनी कापडाची कड बोटाने चाचपली आणि चष्म्यावरून दादाकडे पाहिलं. दादा उभाच होता. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस शंभर लोकांसमोर खोटा ठरला होता, आणि का ठरला हे त्याला कळतही नव्हतं. त्याने खिशातून पेन काढलं. अर्ज मागे घेणार होता तो. शब्दाचा पक्का, त्याचाच हा भोग.

धाकटी गप्प बसली असती तर अर्ज गेला असता, अर्जाबरोबर कारखाना आणि कट्टाही गेला असता. बोलली असती तर दादाची चिटणीसगिरी गेली असती, आणि कदाचित दादाही. तिला फार वेळ लागला नाही. दादा खोटा ठरलेला तिला बघवेना, एवढंच झालं.

ती उठून सरळ टेबलाशी गेली. वहिनीने मागून तिचा पदर ओढला होता की तिला पुढे ढकललं होतं, यावर घरात अजून वाद आहे. धाकटीने गणवेशवालीच्या हातून कात्री घेतली, नखाने निळी टिकली उचकटली आणि पिशवीतून पेचकस काढला. कंपनीचा माणूस म्हणाला, अहो, ती उघडत नाही. धाकटी म्हणाली, तुमची नाही उघडत, ही उघडते. चार आट्यांत स्क्रू बाहेर आला. तिने पातं अध्यक्षबाईंच्या समोर धरलं.

“हे तीन ठिपके माझे आहेत,” ती म्हणाली. “दादा बोलला ते खरं आहे. ही कात्री तीन महिन्यांतच गेली होती. पुढचं वर्ष ती माझ्या बसवणीवर चाललीय. अशा दोनशे अकरा केल्यात मी, दादाच्या पाठीमागे, संघाचा ठराव मोडून, मागच्या दाराने.”

मागच्या दाराने म्हटल्याबरोबर एक गंमत झाली. संघाच्या बाकावर दादा सोडून चार कारखानदार बसले होते, त्यांतले तिघे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. चौथा खोकला. अध्यक्षबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही, आणि दादाच्याही. गल्लीत एकच मागचं दार नव्हतं तर.

अध्यक्षबाईंनी पेन्सिल आपटून हशा थांबवला आणि धाकटीला विचारलं की मग तुमचं म्हणणं काय, कर लावावा की लावू नये? धाकटीने याचा विचार वर्षभर केला होता, रोज तीन ते पाच. म्हणाली, कर किती लावायचा ते तुम्ही बघा, त्यातलं मला कळत नाही. पोलाद यांचं चांगलं आहे, येऊ द्या. दारं लावून घेतली तर मला ते पोलाद बघायला मिळालं नसतं. पण रिव्हेट मारून आणू नका म्हणावं. जी वस्तू उघडता येत नाही, ती बिघडली की आमच्या हाताला काम नाही आणि घेणाऱ्याला टाकण्यावाचून इलाज नाही. मग ती कंपनीच्या माणसाकडे वळून म्हणाली, “या ना, खुशाल या. पण उघडता येईल अशी कात्री घेऊन या.”

दादाने पेन खिशात ठेवलं. घरी जाताना तो सर्वांच्या दहा पावलं पुढे चालला. चार दिवस तो धाकटीशी बोलला नाही. तिच्या शेजारी बसून तो वहिनीला सांगायचा, हिला म्हणावं मीठ सरकव. वहिनी मीठ सरकवायची आणि म्हणायची, मीठ बोलत नाही हो, माणसं बोलतात.

पाचव्या दिवशी दुपारी तीन वाजता दादा कचेरीत गेला नाही. कट्ट्याशी येऊन उभा राहिला. धाकटीच्या हातात निळी कात्री होती. तिने लपवली नाही. दादाने ती तिच्या हातून घेतली, एक मूठ धरली आणि दुसरी सोडली. मूठ हळूहळू उतरली आणि मिटायला बोटभर उरलं असताना थांबली. त्याने पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदाही केलं.

“वडिलांची अशीच थांबायची,” तो म्हणाला. “माझी कधी थांबली नाही.”

दादाने नाक पुसलं, बाहेर गेला, दारावरची पाटी काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्याच सुंदर अक्षरात लिहिलं, ‘सगळ्या कात्र्या घेतल्या जातील’. संघाचा चिटणीस तो अजूनही आहे. त्याला काढायचं तर मागच्या दारांची चौकशी करावी लागली असती, आणि तशी तयारी कोणाचीच नव्हती.

समितीचा निकाल महिन्याभराने आला. कर लावला, पण अर्धाच, आणि तोही दोन वर्षांपुरता. दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं सांगता यावं इतपत. पण शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या, की शिंपीकामाच्या कात्र्या इथे विकायच्या तर त्या खोलता याव्यात. त्या दोन ओळी वहिनीने कापून स्वयंपाकघरात चिकटवल्या. कोणत्या कात्रीने कापल्या ते विचारू नका, मूठ निळीच होती.

मग कंपनीचा माणूस कारखान्यात आला. कोट या खेपेला हातावर होता. गोदामाचं त्याने नाव काढलं नाही. म्हणाला, आम्ही पाती स्क्रूसकट पाठवू, बसवणी तुम्ही करा, महिन्याला हजार कात्र्या, पाची कारखान्यांनी मिळून. धाकटीने एकच अट घातली की खूण आमची राहील, आणि ती बाहेरच्या अंगाला, दिसेल अशी. माणूस चाचरला. मुख्य कचेरी दुसऱ्या कोणाची खूण चालवून घेत नाही, म्हणाला. धाकटी उत्तर देणार तेवढ्यात दादा पुढे झाला, आणि घासाघीस करावी तर दादानेच. त्याने माणसाला बसवलं, चहा दिला, आणि तासभर अकरा देशांच्या कात्र्यांमधल्या उणिवा एकेक करून प्रेमाने समजावल्या. आठ दिवसांनी मुख्य कचेरीचा होकार आला.

पहिलं खोकं उघडलं त्या दिवशी दादाने कपाटातले गोदामाचे कागद काढले. धाकटीला वाटलं फाडतोय. पण दादाला चांगला कागद फाडवत नाही. त्याने त्यांची घट्ट घडी केली, वाकला आणि कट्ट्याच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. कट्टा हलवून पाहिला, हलला नाही. मग त्याने हात पुढे केला आणि तिचा पंच मागितला, तीन ठिपक्यांचा.

धाकटी म्हणाली, अरे, कारखान्याची खूण रेघ आहे, तुझी. कंपनीला लिहून दिलंय ना तसं?

“लिहून दिलंय ते तीन ठिपके,” दादा म्हणाला. “बाहेर तेच दिसतील. माझी रेघ आत, स्क्रूखाली. ज्याला बघायची असेल तो उघडेल.”

त्याने पहिलं पातं कट्ट्यावरच्या ऐरणीवर धरलं, त्यावर पंच टेकवला आणि ठोक म्हणाला. धाकटीने सवयीने कट्ट्याला गुडघा लावला. आता त्याची गरज नव्हती.